घरच्या सिम्युलेटरमध्ये ट्रिम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात माझ्याकडे सिम्युलेटर बघायला येणारी मंडळी आणि सांगली-कराडकडून फोन करणारी पोरं, यांचे निम्मे प्रश्न फिरून फिरून ट्रिमवरच येतात. ट्रिम म्हणजे हात सोडला तरी विमानाचं नाक जागेवर राहावं म्हणून शेपटीकडे केलेली जुळवणी. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे विमान सेसना १७२ समजावं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन आणि फुकटातलं फ्लाइटगिअर, तिन्हीकडे ते मिळतं.

दादा, विमान सरळ जातच नाही. हात सोडला की एकतर वर तोंड करतं, नाहीतर खाली. गेम बिघडलाय का?

गेम ठणठणीत आहे. तुम्ही जॉयस्टिक दाबून धरून विमान सरळ ठेवताय, म्हणजे ट्रिमचं काम तुमचा हात करतोय. हात काढला की ते काम करायला कुणी उरत नाही. पाच मिनिटांच्या फेरीत हे खपून जातं. कोल्हापूरहून पुण्याला निघालात तर वाटेत मनगट भरून येतं, आणि नकाशा बघायला मान वळवली की तेवढ्यात तीनशे फूट गेलेले असतात.

ट्रिम फिरवल्यावर नेमकं हलतं काय?

शेपटीकडच्या आडव्या पंखाच्या मागच्या कडेला एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा हलता भाग) असतो आणि एलेव्हेटरच्याही मागच्या कडेला एक अरुंद पट्टी असते. तीच ट्रिम टॅब. सेसना १७२ ला ती फक्त उजव्या बाजूच्या एलेव्हेटरवर आहे. बाहेरचा कॅमेरा लावा, विमानाच्या मागे उजवीकडे या आणि ट्रिम फिरवून बघा. पट्टी खाली वळली की वारा तिला वर ढकलतो, तिच्याबरोबर एलेव्हेटर वर उचलला जातो, शेपटी दबते आणि नाक वर येतं. म्हणजे नाक वर हवं असेल तर पट्टी खाली. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती उलटी लावलीय असंच वाटतं.

कॉकपिटमध्ये थ्रॉटलच्या (इंजिनची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्याच्या) खाली, दोन सीटच्या मधे एक उभं काळं चाक असतं. त्याची आपल्याकडची कड खाली फिरवली की नाक वर, वर फिरवली की नाक खाली. शेजारी टेकऑफची खूण असते. उड्डाणाआधी काटा त्या खुणेवर आहे ना, एवढं बघायचं.

एकदा ट्रिम केलं की विमान ती उंची धरून ठेवतं ना?

नाही. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

ट्रिम उंची धरत नाही, वेग धरतं. काटेकोर बोलायचं तर पंख वाऱ्याला ज्या कोनात सामोरा जातो तो कोन धरतं. पण वजन तेच असेल आणि विमान सरळ उडत असेल तर त्या कोनाला एक ठरावीक वेग येतो, म्हणून आपल्यापुरता वेग म्हटलं तरी चालतं. विमानाला उंचीची काही कल्पनाच नसते. वेग कमी झाला की ते नाक खाली घालून वेग परत मिळवतं, वाढला की नाक उचलून जादाचा वेग खर्च करतं. शंभर नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ट्रिम केलेलं विमान चढताना, उतरताना आणि सरळ जाताना शंभराच्या आसपासच राहायला बघतं.

हे वाचून पटत नाही, करून बघावं लागतं. साडेचार हजार फुटांवर, निरभ्र हवामान लावून, २३०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) विमान नीट ट्रिम करा. वेग साधारण शंभर नॉटच्या आसपास येईल. आता जॉयस्टिकवरून हात काढा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. नवशिक्याला वाटतं विमान सुसाट सुटेल. तसं होत नाही. नाक वर येतं, विमान चढायला लागतं आणि वेगाचा काटा थोडा हलून जवळपास तिथेच येतो, कधी पाच-सात नॉट कमीच. मग थ्रॉटल २००० आरपीएमपर्यंत मागे घ्या. नाक खाली जाईल, विमान उतरायला लागेल आणि वेग पुन्हा शंभराच्या आजूबाजूला.

म्हणजे सरळ उड्डाण ही ट्रिम आणि थ्रॉटल या दोघांची जोडी आहे. वेग ट्रिमने ठरवायचा आणि त्या वेगाला पुरेल एवढीच ताकद थ्रॉटलने द्यायची. मग उंची आपोआप टिकते. पन्नास फूट कमी झाले म्हणून दरवेळी ट्रिमचं चाक फिरवत बसलात तर दिवसभर फिरवत बसाल.

मग क्रम कसा ठेवायचा?

आधी नाक, मग ताकद, शेवटी ट्रिम. चढण संपवून सरळ व्हायचं असेल तेव्हा हा क्रम मोडू नका.

समजा कोल्हापूरहून उडालात आणि ४५०० फुटांवर सरळ व्हायचंय. धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे, त्यामुळे चढाई फार लांबत नाही. मिनिटाला ५०० फुटांनी चढत असाल तर पन्नास फूट आधी, म्हणजे ४४५० ला नाक हळूच खाली आणायला लागा. चढण्याच्या दराचा दहावा भाग आधी सुरुवात, हा वैमानिकांचा नेहमीचा हिशेब आहे. नाक क्षितिजाच्या खाली जिथे बसतं ती जागा डोळ्यांत धरा: इंजिनच्या झाकणाची कड आणि क्षितिजाची रेघ यांत किती अंतर दिसतं ते. आता तिथेच धरून ठेवा. थ्रॉटलला हात लावू नका, ट्रिमलाही नाही. चढताना वेग ७५ ते ८० होता, तो हळूहळू वाढेल. ९५ च्या पुढे गेला की थ्रॉटल २३०० आरपीएमवर आणा. मग पुन्हा थांबा. वेगाचा काटा हलायचा थांबेपर्यंत थांबा.

त्यानंतरच ट्रिम. बहुतेक जण चढण संपताक्षणी घाईघाईने ट्रिम फिरवतात. तेव्हा वेग असतो ऐंशी, मग तो शंभर होतो आणि केलेलं ट्रिम चुकीचं ठरतं. परत फिरवतात, तोवर थ्रॉटल कमी केलेलं असतं, परत चुकतं. बदलत्या वेगाला ट्रिम करण्यात काही अर्थ नाही.

ट्रिम केलं, हात सोडला, तरी विमान सावकाश वर-खाली झुलतं. कितीही क्लिक केले तरी थांबत नाही.

क्लिक करताय म्हणूनच थांबत नाही.

या झोक्याला फ्युगॉइड म्हणतात. इंग्लिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०८ साली त्याचं गणित मांडलं. विमान थोडं खाली जातं, वेग वाढतो, वेग वाढला म्हणून नाक उचलतं, वर जाताना वेग गमावतं, मग पुन्हा खाली. एका झोक्याला किती वेळ लागतो हे मुख्यतः वेगावर ठरतं. मीटर प्रतिसेकंदातल्या वेगाला ०.४५ ने गुणलं की सेकंद मिळतात. शंभर नॉट म्हणजे सुमारे ५१ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे एक झोका साधारण तेवीस सेकंदांचा. सिममध्ये आणि खऱ्या विमानात तो थोडा इकडेतिकडे होतो, पण अर्धा मिनिट धरून चाला.

आता लक्षात येईल गोची कुठे आहे. तुम्ही दर पाच सेकंदांनी चढ-उताराचा काटा बघून क्लिक करता आणि विमानाचा एक झोका संपायला अर्धा मिनिट लागतो. त्याच्या बोलण्यात तुम्ही सहा वेळा तोंड घालता. क्लिक केल्यावर दोन झोके जाऊ द्या. झोका आपसूक लहान होत जातो. दोन झोक्यांच्या मधली उंची हळूहळू वर सरकत असेल तर थ्रॉटल किंचित कमी, खाली सरकत असेल तर किंचित जास्त. अगदीच अस्वस्थ व्हायला झालं तर जॉयस्टिकने नाक क्षितिजावर धरून झोका मोडा आणि मग अलगद सोडा. ट्रिमने झोका मोडायला जाऊ नका.

ट्रिम करता करता जॉयस्टिक सोडली की नाक धाडकन वर उडतं. असं का?

हा घरच्या जॉयस्टिकचा दोष आहे, आणि याबद्दल कुणी नीट सांगत नाही.

खऱ्या सेसनात योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, हाताने मागे ओढून धरला असेल आणि ट्रिम फिरवत गेलात तर योक आहे तिथेच राहतो, हातावरचा जोर मात्र कमी कमी होत जातो. जोर शून्य झाला की ट्रिम झालं. वैमानिकाला हे तळहातालाच कळतं, काटा बघावा लागत नाही.

आपल्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते. तिला ट्रिमची काही खबर नसते, हात सोडला की ती मधोमध येते. त्यामुळे सिममध्ये तुमचं ओढणं आणि ट्रिमचं ओढणं यांची बेरीज होते. तुम्ही जॉयस्टिक मागे ओढून धरली आणि वर ट्रिमही दिलं तर नाक दुप्पट वर जाणारच. म्हणून दोन्ही हातांनी एकदम देवाणघेवाण करायची: ट्रिमचा एक क्लिक, तेवढ्याच अंदाजाने जॉयस्टिक मधोमधकडे किंचित ढिली. परत एक क्लिक, परत किंचित ढिली. नजर पूर्णवेळ नाकावर. इंजिनच्या झाकणाची कड क्षितिजापासून ढळली नाही तर देवाणघेवाण बरोबर चाललीय. जॉयस्टिक मधोमध आली आणि नाक तिथेच राहिलं की काम झालं.

पहिले आठ-दहा दिवस हे अवघड जातं. नंतर बोटं आपोआप करतात.

फोर्स फीडबॅक असलेल्या जॉयस्टिकला मोटर असते आणि ती हे सगळं खऱ्यासारखं करते. पण तिच्या किमतीत घरात दुसरंही बरंच काही येतं, त्यामुळे ती घेतलीच पाहिजे असं मी कुणाला सांगत नाही.

ट्रिमच्या कळा कोणत्या?

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये नंबरपॅडवरचा ७ नाक खाली आणि १ नाक वर, नम लॉक बंद ठेवून. फ्लाइटगिअरमध्ये होम आणि एंड. लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या दोन कळा ठरवा.

माझा सल्ला विचाराल तर कळांपेक्षा जॉयस्टिकवरची दोन बटणं द्या, अंगठ्याला सहज लागतील अशी. नजर पडद्यावरून हलत नाही. बटण दाबून धरू नका, टिचकी मारा. धरून ठेवलं की ट्रिम पळत सुटतं.

थ्रॉटलशेजारी रिकामा स्लायडर असेल तर त्याला ट्रिम द्यायचा मोह होतो. देऊ नका. त्याच्या छोट्याशा प्रवासात ट्रिमचा सगळा पल्ला कोंबलेला असतो, केसभर सरकलं तरी विमान उडी मारतं. त्यापेक्षा गोल फिरणारा रोटरी एन्कोडर बरा. अर्डुइनो लिओनार्डो बोर्ड यूएसबीवर संगणकाला जॉयस्टिक म्हणून ओळख देऊ शकतो, त्याला एन्कोडर जोडायचा आणि वर लाकडी किंवा थ्रीडी प्रिंट केलेलं चाक बसवायचं. सांगलीत वालचंद कॉलेजच्या पोरांसारखी इलेक्ट्रॉनिक्समधली मंडळी ओळखीची असतील तर त्यांच्या दृष्टीने हे एका रविवारचं काम आहे.

वर-खाली ठीक आहे, पण विमान एका बाजूला कलत जातं.

आधी जॉयस्टिक कॅलिब्रेट करा आणि थोडा डेडझोन द्या, म्हणजे मधोमधची बारीक हालचाल सिम धरणार नाही. जुन्या जॉयस्टिकचं मधलं टोक बहुतेक वेळा सरकलेलं असतं. तरी कलत असेल तर इंधनाचा खटका बघा. तो डावीकडे किंवा उजवीकडेच राहिला असेल तर एकच टाकी रिकामी होत जाते आणि भरलेला पंख जड पडतो. खटका दोन्ही टाक्यांवर ठेवा.

राहिलं ते प्रोपेलरचं. ताकद जास्त आणि वेग कमी असला की नाक डावीकडे ओढलं जातं, म्हणून चढताना उजव्या पायाचा थोडा दाब लागतो. टर्न कोऑर्डिनेटर या वळण दाखवणाऱ्या काट्याखालची गोळी ज्या बाजूला गेली त्या बाजूचं पेडल दाबा. पेडल नसतील तर जॉयस्टिक पिळून तेच होतं.

माणसं आणि सामान भरल्यावर ट्रिम बदलतं का?

बदलतं, आणि बरंच. उसाची बैलगाडी मागून जास्त भरली की उलाळ होते, जू वर उचलतं. पुढे जास्त भरली की तोच भार बैलांच्या मानेवर येतो. विमानाचं तसंच. मागच्या सीटवर दोन जण आणि सामान असलं की नाक वर जायला बघतं आणि नाक-खाली ट्रिम जास्त लागतं. पुढे दोघेच असले तर उलट.

सिमच्या वजनाच्या पानावर जाऊन हे मुद्दाम करून बघा. एकदा एकट्याने उडा, एकदा मागे दोन माणसं बसवून. तोच वेग, तीच ताकद, पण ट्रिमचा काटा वेगळ्या जागी येतो. मागचं वजन मर्यादेबाहेर नेलंत तर विमान नुसतं नाक वर करून थांबत नाही, ते सावरेनासंच होतं. कारण वेग बिघडला की परत जाग्यावर यायची त्याची ओढच नाहीशी होते.

लाइव्ह वेदर लावून कासवर गेलो. ट्रिम अचूक होतं, तरी विमान आपोआप पाचशे फूट वर गेलं.

ट्रिम अचूकच होतं. हवा वर चालली होती.

पावसाळी दिवसांत वारा पश्चिमेकडून येतो, सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो आणि वर चढतो. विमान त्या हवेत आहे म्हटल्यावर तेही वर जाणार. वेगाचा काटा बघितला असतात तर तो जागचा फारसा हलला नसता. डोंगर ओलांडून पूर्वेकडच्या उतारावर आलात की तीच हवा खाली येते आणि विमान बसायला लागतं. तिथे ट्रिमशी झगडू नका. थोडं वर-खाली होऊ द्या किंवा जॉयस्टिकने तात्पुरतं सावरा. कासचं पठार सुमारे १२०० मीटर, म्हणजे जवळजवळ चार हजार फुटांवर आहे आणि महाबळेश्वर त्याहून उंच, साडेचार हजारांच्या जवळ. तेव्हा त्या बाजूला सहा-साडेसहा हजारांच्या खाली सराव नको.

ट्रिम नवीन शिकताय तोवर हवामान निरभ्र, वारा शून्य. सांगलीकडचा सपाट मुलूख या कामाला उत्तम.

ऑटोपायलट असताना ट्रिम शिकायचं कशाला?

कारण ऑटोपायलटही ट्रिमच फिरवतो, तुम्हाला न सांगता. उंची धरायला सांगितली आणि थ्रॉटल मागे ओढून तसाच विसरलात तर तो उंची टिकवायला नाक वर, अजून वर असं ट्रिम करत जातो. वेग संपत येतो. मग तुम्ही घाबरून ऑटोपायलट बंद करता आणि थ्रॉटल पूर्ण देता. तोवर ट्रिम पार वर गेलेलं असतं, नाक आभाळाकडे उभं राहतं. बंद करण्याआधी वेग आणि ट्रिमचा काटा बघा आणि हात जॉयस्टिकवर ठेवूनच बंद करा.

एअरबसमध्ये ट्रिम करायचं कसं? बटणच सापडत नाही.

ए-३२० मध्ये हवेत असताना संगणकच ट्रिम करतो, साइडस्टिक सोडली की विमान त्याच वाटेवर राहतं. म्हणूनच ट्रिम शिकायला ते विमान निरुपयोगी. बोइंग ७३७ मध्ये मात्र पायलटलाच करावं लागतं. तिथे पट्टीऐवजी शेपटीचा अख्खा आडवा पंख फिरतो आणि थ्रॉटलच्या दोन्ही बाजूंची मोठी चाकं खडखडत फिरतात. टेकऑफला काटा हिरव्या पट्ट्यात नसेल तर थ्रॉटल पुढे केल्यावर भोंगा वाजतो.

सिममधली ऑटो-ट्रिमची मदत चालू ठेवू का?

बंद करा. आजच.

उतरताना फ्लॅप्स टाकले की नाक वर उसळतं. तेव्हा काय?

फ्लॅप्स म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग. १७२ चे पंख वर आहेत आणि फ्लॅप्स मोठे, त्यामुळे असं होतं. फ्लॅप्स टाकायच्या आधीच हात तयार ठेवा, नाक दाबून धरा, वेग ६५ ते ७० नॉटला बसू द्या आणि मग ट्रिम करा. १७२ एसमध्ये पहिला टप्पा ११० नॉटच्या खाली आणि पुढचे ८५ च्या खाली, त्याआधी टाकू नका.

यातली धोक्याची जागा वेगळी आहे. उतरण्यासाठी ट्रिम केलंय आणि ऐनवेळी परत वर जायचं ठरलं: थ्रॉटल पूर्ण देताच नाक जोरात उठतं, कारण ट्रिम ६५ नॉटचं आणि ताकद सगळी. तिथे आधी जॉयस्टिक पुढे दाबून नाक आवरा, वेग सांभाळा, फ्लॅप्स टप्प्याटप्प्याने घ्या. ट्रिम त्यानंतर. चाक शोधत बसलात तर तेवढ्यात स्टॉल, म्हणजे पंखाची उचल जाऊन विमान खाली पडायला लागतं.

सरावाला एखादी वाट सांगा ना.

कोल्हापूर, सांगली, कराड, सातारा. सगळी मिळून ऐंशी सागरी मैल, पाऊण तासाच्या आसपास.

कोल्हापूरहून सांगली वीस सागरी मैल. एवढ्यात ४५०० फुटांवर शंभर नॉटला ट्रिम करून हात सोडलेले असले पाहिजेत. सांगलीवरून कृष्णा डाव्या-उजव्या हाताला ठेवत कराडकडे वळा. नदी वळणं फार घेते, प्रत्येक वळणाबरोबर वळू नका. या टप्प्यात वेग ८० नॉटवर आणा, पण उंची तीच ठेवून. आधी थ्रॉटल कमी, नाक हळूहळू वर, वेग स्थिर झाला की ट्रिम. मग परत शंभर. हे दोन-तीनदा करा. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम दिसला की थ्रॉटल उघडा आणि ५५०० ला चढा, कारण पुढे डोंगर जवळ येतात आणि साताऱ्याचा अजिंक्यताराच ३३०० फुटांचा आहे. महामार्ग खाली दिसत राहतोच, वाट चुकत नाही.

याचा खऱ्या वैमानिक प्रशिक्षणात उपयोग होतो का?

घरच्या सिमचे तास लायसन्ससाठी धरले जात नाहीत. क्रम मात्र अंगात मुरलेला असतो, तो कामी येतो. एक खोड तेवढी मोडून ठेवा: सिमवाले चढ-उताराच्या काट्याकडे टक लावून ट्रिम करतात. तो काटा काही सेकंद उशिराने बोलतो. काटे झाकून, नुसतं क्षितिज बघून ट्रिम करायची सवय घरीच लावा. स्क्रीनच्या खालच्या भागावर एक पुठ्ठा टेकवला तरी चालतं.

आई जेवायला हाक मारते, मी पॉज करतो. परत आल्यावर चालू केलं की विमान डुंबतं.

पॉज केलं तेव्हा तुम्ही जॉयस्टिक ओढून धरली होती आणि परत आल्यावर ती मधोमध आहे. आधी ट्रिम पूर्ण करा, हात सोडून विमान सरळ जातंय ना ते बघा, मग पॉज करा. आणि आईला सांगा, दोन मिनिटांत आलो.